पाच गुंठे हरळी

माझे वडील, आबा, आईसोबत अमेरिकेत आल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एप्रिल महिना, पहाटेचे पावणेसात, नुकतं फटफटत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते मागच्या अंगणात उकिडवे बसलेले दिसले. डोक्याला मफलर, अंगात माझं जुनं जाकीट, हातात पेचकस. विमानाचा शीण गेला नसला की माणूस भलत्या वेळी जागा होतो हे ठाऊक होतं, पण पेचकस कशाला ते कळेना. चहा खाली उतरवून मी चपला अडकवल्या आणि बाहेर गेलो. तोवर त्यांनी कुंपणालगतचा चार बाय सहा फुटांचा तुकडा पार स्वच्छ करून टाकला होता. लाल माती उघडी पडलेली. शेजारी ढीग. ढिगात हिरवं थोडं आणि पांढरं फार: पेरापेरांच्या, टोकाला सुईसारख्या अणकुचीदार काशा, म्हणजे गवताची जमिनीखाली पसरणारी खोडं, एकही अर्धवट तुटलेली नाही.

"आरं, केवढी हराळी झालीय ही," मान वर न करता ते म्हणाले. "तुला दिसली न्हाय व्हय?"

दिसली होती. सहा वर्षं मी तीच तर जपत होतो.

आमचं घर अटलांटाच्या उत्तरेला, कमिंग गावात आहे. २०१८ मध्ये घेतलं. जागा पाव एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे. त्यातून घर, गराज, ड्राइव्हवे आणि पाइनच्या झाडांखालचा भाग वजा केला तर उरतं पाच गुंठे गवत. आमच्या माण तालुक्यात पाच गुंठ्यांच्या तुकड्याला कोणी रान म्हणत नाही. त्यावरून भावाभावांत दावा मात्र वीस वर्षं चालतो.

घर घेताना आम्ही सगळ्याचा हिशेब केला होता, गवताचा सोडून. बायकोच्या कामाच्या परवानगीचा कागद सरकारी दप्तरात अडकलेला, पगार एक, आणि हप्ता दोन पगारांच्या अंदाजाने घेतलेला. पहिल्याच वसंतात एका गवत कापणाऱ्याला विचारलं तर त्याने एका वेळचे ४५ डॉलर सांगितले. एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याला एकदा धरलं तर तीस वेळा, म्हणजे १३५० डॉलर. बायको खर्चाची वही ठेवते. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तिने एका कोऱ्या पानावर 'गवत' असं लिहून खाली रेघ मारली, आणि आकडा लिहिण्याआधी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "तू शेतकऱ्याचा मुलगा ना?"

न कापता सोडून द्यावं, तर तीही सोय नाही. आमच्या वसाहतीला एचओए आहे. आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीसारखीच ती, फक्त इथे चेअरमनशी जिन्यात भांडता येत नाही, पत्र येतं. गवत सहा इंचांच्या वर गेलं की छापील पत्र, सोबत तुमच्याच घराचा फोटो. दहा दिवसांत कापा, नाही तर रोजचा दंड. एवढ्या मोठ्या देशात माझ्या अंगणातलं गवत कोणीतरी पट्टी लावून मोजतंय, याचं पहिल्यांदा हसू आलं होतं. दुसऱ्या पत्रापर्यंत ते टिकलं नाही.

पहिलं मशीन गराज सेलमध्ये १५ डॉलरला मिळालं. इंजिन नसलेलं, हाताने ढकलायचं. दोन चाकांच्या मधे पाच पिळदार पात्यांचा रूळ, आणि खाली एक न हलणारं सपाट पातं. चाकं फिरली की रूळ फिरतो, गवत दोन पात्यांच्या मधे सापडतं आणि कात्रीने कापावं तसं कापलं जातं. विकणाऱ्या बाईंनी ते नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलेलं होतं आणि गंज बघून मला पाच डॉलर कमी केले.

हे यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने काढलं, १८३० मध्ये. ग्लॉस्टरशरच्या स्ट्राउड भागात तेव्हा लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या आणि विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटणारं एक यंत्र तिथे वापरात होतं. बडिंगने तेच उचलून जमिनीवर आणलं. लोक हसतील म्हणून तो ते रात्री चालवून बघायचा असं सांगतात. मला तो माणूस एकदम जवळचा वाटतो. आमचा मुलूख घोंगड्यांचा, लोकरीची लव म्हणजे काय हे आम्हाला सांगावं लागत नाही. आणि पहिल्यांदा ते मशीन ढकलताना मीही शेजारी कामावर गेल्याची खात्री करूनच सुरुवात केली होती.

गंजलेलं मशीन गवत कापत नाही, चावतं. आठवडाभरात टोकं फाटून पिवळी पडली. मग धार लावण्याचं शिकलो. रुळाच्या पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट फासायची, वाळू मिसळलेल्या ग्रीससारखी असते ती, आणि रूळ उलटा फिरवायचा. उलटा फिरला की पाती खालच्या पात्यावर घासून घासून आपोआप जुळतात. मधेमधे पुसून वर्तमानपत्राची पट्टी आडवी धरून बघायची. पट्टी दुमडली तर अजून फिरवा. आमच्या गराजमध्ये रात्री अकरा वाजता ती पट्टी पहिल्यांदा सरळ, आवाज न करता दोन तुकडे होऊन खाली पडली, तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवायला आणलं. तिने बघितलं. वहीत 'पेस्ट ६' लिहिलं आणि झोपायला गेली.

पाच गुंठ्यांना या मशीनने दोन तास लागतात. जूनमध्ये शर्ट पिळून काढावा लागतो. गवतात स्वीटगमच्या झाडाची काटेरी बोंडं पडलेली असतात, करवंदाहून मोठी. एखादं रुळात अडकलं की मशीन खट्टकन थांबतं आणि दांडा पोटात बसतो. म्हणून आधी खराट्याने बोंडं गोळा करा, मग कापा. तरीही हे मशीन मला आवडतं. पेट्रोल नको, तेल नको, बंद पडायला त्यात काही नाहीच. आवाज म्हणाल तर शिंप्याच्या दुकानातल्या कात्रीएवढा. रविवारी सकाळी सातला कापलं तरी कोणी पत्र पाठवत नाही.

दुसरं मशीन फुकटात आलं. रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, वर चिकटपट्टीने कागद लावलेला: फ्री. पेट्रोलवरचं, दोरी ओढून सुरू करायचं. दोरी ओढली तर नुसती उचकी. इथे हे नेहमीचं आहे. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. माणसं ऑक्टोबरात मशीन तसंच गराजमध्ये सारतात आणि हिवाळाभर टाकीत राहिलेलं ते पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, वाळून डिंकासारखं होतं. एप्रिलमध्ये मशीन सुरू होत नाही, दुरुस्तीला द्यायचं तर जवळपास नव्याच्या किमतीत जातं, मग रस्त्यावर. यात मशीनचा दोष काहीच नसतो. मी कार्ब्युरेटरची वाटी खोलली, तळाशी काकवीच्या रंगाचा थर. तो खरवडला, जेटचं, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक नळीचं, भोक पावाच्या पिशवीच्या तारेने मोकळं केलं. भोक केवढं, तर सुईच्या नाकाहून लहान, आणि एवढं मशीन त्याच्यासाठी अडून बसलेलं. स्पार्क प्लग चार डॉलर, तेल सात, पेट्रोलचा डबा बारा. चौदाव्या ओढीला ते खोकलं, निळा धूर ओकलं आणि चालू झालं. वहीत त्या पानाची बेरीज झाली ४४. दोन वर्षांचा खर्च, पेट्रोल सोडून, आणि तो गवतवाला एका वेळचे मागत होता ४५. तो एक डॉलर बायकोने स्वतंत्र ओळीत 'शिल्लक' म्हणून लिहिला आहे.

ऑक्टोबरात शेवटचं कापून झालं की मी मशीन चालू ठेवून टाकी कोरडी करतो. एवढं केलं की एप्रिलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला उठतं.

एका वर्षी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ऐन जूनमध्ये तीन आठवडे गावी जावं लागलं. परत आलो तर गवत नडगीपर्यंत. दारात पत्र पडलेलं होतंच. मी बॅगा न उघडता मशीन काढलं आणि सगळं एकदम दीड इंचावर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण बघितलं तर खुरटलेल्या दाढीसारखं, तपकिरी. हे गवत वाढलं की पानं फक्त शेंड्याला राहतात, खाली नुसत्या काड्या, आणि मी शेंडा उडवून काड्या ठेवल्या होत्या. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही हा नियम इथे शाळकरी पोरांनाही माहीत असतो. दीड इंच ठेवायचं तर सव्वादोन झालं की कापा. पैसे वाचवायचे म्हणून दोन आठवड्यांनी एकदा कापू, हा हिशेब म्हणूनच अंगाशी येतो. ज्याच्याकडे पैसे कमी त्याने जास्त वेळा कापायचं. थोडं थोडं कापलेलं बारीक असतं, ते गोळा करावं लागत नाही, तिथेच मुरतं. वर्षाच्या नत्राचा चौथा हिस्सापर्यंत त्यातून परत मिळतो असं इथल्या विद्यापीठांची कृषी पत्रकं सांगतात, म्हणजे खताची एक गोणी वाचली. पाणी तर मी देतच नाही. उन्हाने गवत करपल्यासारखं दिसतं, एक पाऊस झाला की परत येतं. शेजारचे आजोबा सांगतात, २००७ च्या दुष्काळात इथला लेक लेनिअर इतका आटला होता की अंगणाला पाणी द्यायला बंदी झाली, आणि राज्याचे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर लोक जमवून पावसासाठी प्रार्थना केली. मी हे आबांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "मग पडला का?" एवढंच विचारलं.

तर हे सगळं मी सहा वर्षं करत होतो, आणि ते गवत कोणतं हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणजे, नाव माहीत होतं. टिफवे ४१९. घर बांधणाऱ्याच्या कागदात लिहिलेलं होतं, जातीने बर्म्युडा. बर्म्युडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर समुद्र आणि अर्धी चड्डी, हरळी कशी येणार? दीड इंचावर कापलेली, शेजारी शेजारी दाटलेली हरळी सतरंजीसारखी दिसते. आणि माझी हरळीशी ओळख सुट्टीपुरती. उन्हाळ्यात नांगरट झाली की आई आणि आत्या ढेकळांतून काशा वेचायच्या, पाटीत भरून बांधावर आणायच्या आणि आबा पेटवून द्यायचे. आम्हा पोरांना एका पाटीमागे चार आणे. एक काशी राहिली तर पुढच्या पावसाळ्यात तिचा हातभर पसारा. कुळवाची पास, म्हणजे त्याचं पातं, तिला नुसती तोडते, आणि तोडल्यावर एकाच्या दोन होतात. हरळीने खाल्लेलं रान आमच्याकडे कोणी वाट्याने करायलाही घेत नाही.

आबांनी दाखवल्यावर मी त्या रात्री बसून वाचलं. बर्म्युडा ग्रास म्हणजे हरळीच, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आपल्या गणपतीची दूर्वा. टिफवे मात्र निम्मी दूर्वा आहे. अटलांटापासून दक्षिणेला सुमारे १८० मैलांवर टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथे ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने दूर्वा आणि तिची एक आफ्रिकन चुलतबहीण यांच्या संकरातून जी गवतं निवडली, त्यातलं हे एक, १९६० मध्ये बाहेर आलेलं. एका बाजूने ३६ गुणसूत्रांची जात, दुसऱ्या बाजूने १८, पिल्लाला २७. खेचरासारखं वांझ. बी धरत नाही, सगळा संसार काशांवर आणि धुमाऱ्यांवर. म्हणजे आपण ज्यासाठी हरळीला शिव्या देतो, तेवढंच गुण म्हणून घेतलं आणि बाकीचं काढून टाकलं. आज गोल्फची मैदानं आणि खेळांची स्टेडियमं यावर उभी आहेत.

पण मला जागं ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. याच बर्टनने टिफ्टनमध्येच बाजरीचं एक वाण तयार केलं होतं, टिफ्ट २३ ए. ते भारतात आलं, लुधियानाला त्यावर संकर झाला, आणि १९६५ मध्ये एचबी-१ ही भारतातली पहिली संकरित बाजरी निघाली. सकाळी मी आबांना विचारलं, पहिली हायब्रिड बाजरी आठवते का?

"न आठवायला काय झालं? मी तवा शाळंत. कणीस हे असं," त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "पुढं गोसावी पडला तिच्यावर. कणसाचं पार गवात झालं."

गोसावी म्हणजे केवडा रोग, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या वाणांना त्याने झोडपलं. मी त्यांना सांगितलं की ती बाजरी ज्या माणसामुळे आली त्याचंच हे अंगण. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाजरीत गवात निघालं तर आपुन रडतू, आन् हितं..." आणि वाक्य तसंच सोडून चहा प्यायले.

आबांना इथली घरं, मोटारी, मॉल यांचं काही वाटलं नाही. त्यांना चटका बसला तो गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे बागेतला कचरा नेतात. शेजारचे आजोबा मशीनला पिशवी लावून गवत कापतात, कारण कापलेलं खाली पडलेलं त्यांना खपत नाही, आणि मग ते उंच तपकिरी कागदी पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला ओळीने उभं करतात. फिरायला गेलेले आबा त्या ओळीपाशी थांबले. मला वाटलं दम लागला. जवळ गेलो तर ते मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले.

एका पोत्याचं तोंड त्यांनी उघडलं, हात आत घातला, मूठभर गवत बाहेर काढून नाकाशी नेलं. "ओली हाय अजून. सकाळचीच हाय." मग दुसरं पोतं उचलून बघितलं, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं. "कुठं नेत्यात ही वैरन?"

मी सांगितलं, कचऱ्यात. खत करत असतील.

२०१२-१३ च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या लागल्या होत्या. आमची एक म्हैस, एक गाय आणि एक खोंड घेऊन आबा महिनोन् महिने छावणीत राहिले, ताडपत्रीच्या आडोशाला, जनावरांच्या पायथ्याशी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. एका शनिवारी भेटायला गेलो, तर छावणीत उसाच्या वाढ्यांचा ट्रक आला होता आणि म्हातारीकोतारी माणसं पेंढी मोजून घेण्यासाठी रांगेत उभी होती. आबाही होते त्या रांगेत. मला बघून त्यांनी हात केला, पण रांग सोडली नाही.

मी म्हणालो, "आबा, औषध मारलेलं असतं त्याच्यावर. जनावराला चालणार नाही."

त्यांनी हातातलं गवत परत पोत्यात टाकलं, तोंड होतं तसं दुमडून बंद केलं, आणि पुढे चालायला लागले. त्यानंतर गुरुवारी ते त्या रस्त्याने फिरायला गेले नाहीत. उलट्या बाजूने जायचे.

कुंपणाजवळचा तो साफ केलेला तुकडा तसाच पडून राहिला असता, पण आईने तो ताब्यात घेतला. पुढच्या अंगणात भाजी लावायला एचओएची मनाई आहे, मागचं कोणी बघत नाही. आईने मेथी पेरली, कडेला लाल माठ, आणि इंडियन स्टोअरमधल्या गड्डीची मुळं वाचवून पुदिना. पाच गुंठ्यांतला हा अगदीच चतकोर, पण कापायचं गवत तेवढं कमी झालं. गवताच्या खर्चावर सहा वर्षांत मी केलेली एकही युक्ती इतकी सोपी नव्हती. पहिली मेथी निघाल्यावर बायकोने वहीच्या 'गवत' पानावर चार जुड्या जमेच्या बाजूला मांडल्या. माझा तात्त्विक विरोध होता, मेथी म्हणजे गवत नव्हे. तो मान्य झाला नाही.

आबांनी दोन्ही मशीनं तपासली. हाताने ढकलायचं त्यांना पसंत पडलं, पेट्रोलवाल्याशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्याचं पातं मात्र काढून मागितलं. प्लगची वायर सोडवून मी मशीन आडवं केलं, पातं काढून दिलं. ते पायरीवर बसले, पातं दोन पावलांत धरलं आणि कानस एकाच दिशेने, प्रत्येक वेळी उचलून, ओढायला लागले. दोन्ही बाजू झाल्यावर भिंतीतल्या खिळ्याला मधल्या भोकाने अडकवून बघितलं. एक बाजू झुकली. झुकली ती जड, तिला आणखी चार हात. पातं तोललेलं नसेल तर मशीन थरथरतं हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. त्यांनी कुठून शिकलं हे विचारायला हवं होतं. त्या शनिवारी कापलं तर शेंड्याला फाटलेलं एक पान सापडलं नाही.

गणपती सप्टेंबरात आले. इथे इंडियन स्टोअरमध्ये दूर्वांची जुडी मिळते, प्लास्टिकच्या डबीत, तीन डॉलरला. आईने डबी हातात घेऊन परत ठेवली. "दारात ढीगभर असताना?" पण दारातल्या हरळीला मी दर आठवड्याला दीड इंचावर आणतो, तिला शेंडे कुठून असणार? शिवाय ती निम्मीच दूर्वा. हा मुद्दा मी मांडला, सत्तावीस गुणसूत्रांसह. आई म्हणाली, देव काय सोयरीक करायला आलाय का कूळ बघायला. तरी तिला अस्सल सापडलीच. एअर कंडिशनरच्या खोक्यामागे, जिथे माझं कोणतंच मशीन पोचत नाही, तिथे पक्ष्यांनी की वाऱ्याने आणलेली साधी हरळी हातभर वाढली होती, बी धरलेली, तीन-तीन बोटांचे तुरे काढून उभी. तिथे औषधाचा थेंब कधी पडलेला नाही, कारण औषधाला माझ्याकडे कधी पैसेच नव्हते. आईने कोवळी त्रिदळं तेवढी खुडली, एकवीस एकवीसच्या जुड्या बांधल्या. मंडळातल्या चार घरांना पुरल्या. आता तो कोपरा मी कापत नाही. खोक्याच्या आडोशाने एचओएच्या फोटोत येत नाही.

ऑक्टोबरात आईआबा परत गेले. थंडी पडली, हरळी गव्हाच्या काडासारखी पिवळी होऊन झोपली. एप्रिलमध्ये पेट्रोलचं मशीन दुसऱ्या ओढीला उठलं. आईचा वाफा मी चालू ठेवला आहे, आणि आता माझे शनिवार असे जातात: वाफ्याला लाकडाची एक फळी आडवी लावली आहे, जमिनीत चार बोटं गाडून. फळीच्या अलीकडे मी हरळी विंचरल्यासारखी कापतो. मग मशीन बंद करतो, गुडघ्यावर बसतो आणि फळीच्या पलीकडे तीच हरळी पेचकसाने खणून काढतो. फळीखालून ती येतेच. चार बोटं तिला काहीच नाहीत.

जुलैत आबांचा फोन आला. पाऊस, पेरणी, कोणाचं काय, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, काशा कुठं टाकतोस?

"खताच्या ढिगावर."

"येडा का काय! रुजत्यात तितं. जाळ."

मी सांगितलं, जाळता येत नाही. मे ते सप्टेंबर अटलांटाच्या आसपासच्या जिल्ह्यांत उघड्यावर काही पेटवायला कायद्याने बंदी असते.

पलीकडे जरा वेळ शांतता. बंदी आहे म्हटल्यावर आबा वाद घालत नाहीत. "मग वाळव. मातीवर न्हाय, दगडावर. पातळ पसर, रोज पालथ्या घाल. मोडल्यावर कट्टकन आवाज आला पायजे, तवर ढिगावर टाकू नको."

अंगणात दगड नाही, पण ड्राइव्हवे आहे, काँक्रीटचा, दुपारी तवा तापतो तसा. मी जुनी चादर अंथरली नाही, थेट काँक्रीटवरच काशा पसरल्या, गाडी रस्त्यावर लावून. दोन पाट्या होत्या. उकिडवा बसून एकेक सुटी करत होतो तेव्हा शेजारचे आजोबा कुत्रा घेऊन चालले होते. ते थांबले. कुत्र्याने एक काशी हुंगली.

"काय वाळत घातलंय?" त्यांनी विचारलं.

"लॉन," मी म्हणालो.